दुपारचं रडणं

१

बाई शाळेतून घरी यायच्या तेव्हा ऊन जिन्याच्या अर्ध्यावर आलेलं असायचं. कठड्याला धरून पहिल्या मजल्यापर्यंत चढायचं, काकूंच्या दाराशी दम खायचा आणि मग उरलेला जिना, हा त्यांचा रोजचा क्रम. दम खायचा म्हणजे काकूंच्या तावडीत सापडायचं. पण गुडघ्यांपुढे कुणाचं काय चालतं!

त्या दिवशी काकू दारातच उभ्या होत्या. एरवी त्यांचं तोंड आधी सुरू व्हायचं आणि दार मागाहून उघडायचं. आज त्यांनी नुसता बाईंच्या दंडावर हात ठेवला.

"बरं वाटतंय का आता?"

"मला काय झालंय?"

"असू दे हो. नका सांगू. पण काल दुपारी फार रडत होतात. वर यावं असं वाटलं, मग म्हटलं, माणसाला कधी कधी एकटं रडू द्यावं."

बाईंना हसू आलं. काल दुपारी त्या शाळेत होत्या. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवायचं हे त्यांचं काम, आणि काल एका चिमुरडीला 'प' काढता येईना म्हणून त्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरून बसल्या होत्या. पट्टी हलली की 'प' आला.

"काकू, टीव्ही असेल कुणाचा तरी."

"टीव्ही!" काकूंना तो कानाचा अपमान वाटला. "तुमचे हे गेले तेव्हा मीच बसले होते ना तुमच्या शेजारी? ते 'असं कसं, असं कसं' म्हणत मध्येच श्वास अडकायचा तुमचा. ते मी विसरेन होय?"

बाई वर गेल्या. चहाचं पाणी ठेवलं. काकूंचं वय झालं, असं स्वतःला सांगितलं, आणि काकू आपल्यापेक्षा लहान आहेत हे आठवून गॅस उगाच कमीजास्त केला.

२

घरात माणसं तीन. बाई, मुलगा आणि सून.

सून रोपवाटिकेत कामाला होती. नखांत कायम माती, आणि हसली की खालच्या मजल्यावर भांडी वाजावीत. बाईंना ती पहिल्या दिवसापासून आवडली होती, आणि आवडली म्हणूनच तिच्याकडे बघताना त्यांची नजर कधी कधी खाली जायची. का, ते त्या मनातल्या मनातही बोलत नसत.

मुलगा दवाखान्यांना यंत्रं विकायचा. सकाळी बाहेर, दुपारी घरी, संध्याकाळी पुन्हा बाहेर. सगळ्यांचा लाडका. कुणाच्या घरी कुणी आजारी असेल तर पहिला फोन याचा. काकू तर म्हणायच्या, असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

"दुपारी कुणी आलं होतं का रे काल?" जेवताना बाईंनी सहज विचारलं.

त्याने घास खाली ठेवला. कपाळाला दोन आठ्या पडल्या, मान जराशी डावीकडे कलली, डोळे मऊ झाले. काळजीचा चेहरा. उत्तम जमलेला.

"नाही गं. का? काही हरवलंय का?"

"काही नाही. काकूंना वाटलं."

"काकूंना बरंच काही वाटतं," असं म्हणून सून खळखळून हसली, तोही हसला. तिच्यामागून एक क्षण उशिरा हसला, पण तेवढं कोण बघतं. बाई बघत होत्या. बघणं हे त्यांचं कामच होतं.

मग सुनेने सुट्टीचा विषय काढला. पुढच्या आठवड्यात दोघं जाणार होती. धरणाच्या पाण्याकाठी एक घर मिळालं होतं, आसपास वस्ती नाही, दाराशीच होडी.

"तुला तर पाण्याची भीती वाटते," बाई म्हणाल्या.

"वाटते ना! घोटाभर पाण्यात किंचाळते मी. पण हा म्हणतो, मी आहे ना."

"मी आहे ना," तो म्हणाला, आणि पुन्हा तोच चेहरा केला.

३

दोन दिवसांनी शाळेत पाणी आलं नाही. मुलांना जेवण देऊन घरी सोडलं आणि बाई भर दुपारी परतल्या. काकूंचं दार बंद होतं. जिन्यात चिटपाखरू नव्हतं.

पहिल्या मजल्याच्या वर, वळणावर, त्यांना ते ऐकू आलं.

कुणीतरी रडत होतं. दबलेलं, घशातून वर येणारं, मध्येच तुटणारं. "असं कसं... असं..." मग अडकलेला श्वास, नाक ओढल्याचा आवाज, आणि पुन्हा पहिल्यापासून, "असं कसं..."

आवाज बाईंचा होता.

माणूस अशा वेळी काय करतं ते आधी सांगता येत नाही. बाईंनी हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. रोज मुलांच्या गळ्यावर ठेवायच्या तसाच, आवाज कुठून येतोय ते बघायला. गळा स्थिर होता. आपण रडत नाही आहोत याची त्यांना अशी खात्री करून घ्यावी लागली.

त्यांनी मनाशी वाद घातला. कुणीतरी तेव्हा आवाज भरून ठेवला असेल. मुलाला वडिलांची आठवण येत असेल आणि तो ते ऐकत असेल. पण यंत्रातून एकच रडणं पुन्हा पुन्हा सारखंच आलं असतं. हे सारखं नव्हतं. दर वेळी थोडं वेगळं होतं. एकदा श्वास लवकर अडकला, एकदा शब्द जास्त लांबला. आणि चुकलं की रडणारं माणूस थांबायचं, थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, मग पुन्हा सुरुवात. ही तऱ्हा त्यांच्या ओळखीची होती. त्यांच्या वर्गात हेच चालायचं.

त्या वर गेल्या नाहीत. पाय न वाजवता खाली उतरल्या, रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात शिरल्या, नको असलेली खोकल्याची बाटली घेतली आणि नेहमीची वेळ होईपर्यंत बसथांब्यावर बसून राहिल्या. आपल्याच घरातून चोरासारखं पळून आलो, याची त्यांना विलक्षण लाज वाटली.

४

खरं तर ही लाज जुनीच होती.

मुलगा शाळेत असताना त्याने वर्गातल्या एका मुलीला खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत कोंडलं आणि घरी येऊन निवांत जेवला. संध्याकाळी ती सापडली तेव्हा तिचा आवाज बसला होता. "का रे असं केलंस?" विचारलं तर म्हणाला, "ती केव्हा थांबते ते बघत होतो." लोक त्याने केलेल्या गोष्टीवर जितके भडकले, त्याहून जास्त त्याच्या चेहऱ्यावर भडकले. चेहऱ्यावर काही नव्हतं. धुतलेल्या ताटासारखा चेहरा. त्या मुलीच्या आईने बाईंना भर आवारात विचारलं, "हे कसलं मूल जन्माला घातलंय तुम्ही?" बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा त्याला मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "याला आत्ताच कुठलं नाव देऊ नका. मोठेपणी ज्याला समाजविरोधी व्यक्तिमत्त्व म्हणतात, तिकडेच हे जाईल असं नाही. दुसऱ्याचं दुखणं याच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच आत्ता दिसतंय. रस्ता हळूहळू करता येतो कधी कधी. आणत राहा. फक्त एक करा, याला नुसता चेहरा शिकवू नका. मग आत काय चाललंय ते आपल्यालाही कळायचं नाही."

दुसऱ्या खेपेला तिथल्या बाकावर बाईंना त्यांच्या शाळेतली एक शिक्षिका दिसली. ती काही भाच्याबिच्याला घेऊन आली असेल. बाईंनी मुलाचा हात धरला आणि तशाच माघारी फिरल्या. त्या पुन्हा तिकडे गेल्याच नाहीत.

पण शाळेत माफी तर मागायची होती. मग त्यांनी जे येत होतं ते केलं. कपाटाच्या आरशापुढे त्याला शेजारी बसवलं. "आधी डोळे खाली. मग ओठ. घाई नाही करायची. आवाज इथून काढ." त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. मुलगा हुशार. आठवडाभरात असा काही शिकला की मुख्याध्यापिकांनीच पदराने डोळे टिपले. आणि बाईंना, हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, त्या वेळी अभिमान वाटला होता.

५

बसथांब्यावरच्या त्या दिवसानंतर एका दुपारी त्यांनी डोकं दुखतंय म्हणून शाळेतून रजा घेतली. या वेळी पळायचं नाही, असं ठरवून त्या जिना चढल्या. कुलपात किल्ली हलकेच फिरवली.

बाहेरच्या खोलीत पंखा चालू होता. टेबलावर त्याचा अर्धा प्यालेला चहा. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, फटीतून कपाट दिसत होतं आणि कपाटाच्या आरशात तो.

त्याने खांद्यावरून बाईंची शाल घेतली होती. थट्टेसाठी घेतली असावी तशी नाही, नीट, बाई घेत तशी, एक टोक मुठीत धरून. आणि तो रडत होता. हनुवटी आत ओढलेली, खालचा ओठ एका बाजूला गेलेला, डोळ्यांतून खरोखरचं पाणी. आरशात मुलगा नव्हताच. बाई स्वतःलाच बघत होत्या, नवरा गेला त्या दिवशीच्या स्वतःला. "असं कसं," आरशातल्या बाई म्हणाल्या.

मग ते थांबलं. ओसरलं नाही, विझलं नाही. नळ बंद करावा तसं थांबलं. पाणी गालांवर तसंच, आणि खाली तो जुना धुतलेला चेहरा. तो आरशात काहीतरी तपासत होता. तपासता तपासता त्याची नजर फटीकडे आली.

दचकला नाही. शाल काढून घडी घातली.

"आलीस? बरं झालं. मला एकट्याला जमत नाहीये."

"काय करतोयस तू?"

"बाबा गेले तेव्हा मला जमलं नव्हतं. माझ्याकडे सगळे बघत होते. तुला माझी लाज वाटली होती ना? मला दिसलं होतं." तक्रार नव्हती, राग नव्हता. जेवलास का विचारावं तसा सूर. "तुमच्या आत काय होतं ते मला कळत नाही गं. लहानपणी शोधायचो. आता सोडून दिलं. पण दिसतं कसं ते कळतं."

"पण आत्ता कशाला?"

"लागेल ना कधीतरी."

तो पुन्हा आरशाकडे वळला आणि त्याने एकदा करून दाखवलं. हनुवटी, ओठ, श्वास. मग थांबून म्हणाला, "काहीतरी चुकतंय. काय चुकतंय?"

आणि बाई म्हणाल्या, "खांदे आधी हलतात. आवाज मागून येतो."

तोंडातून निघून गेलं. समोर मूल आरशापुढे बसलंय, चुकतंय आणि विचारतंय. जन्मभराच्या सवयीने पुढचं काम केलं. त्याने मान डोलावली. खांदे आधी हलवले.

या वेळी ते इतकं खरं आलं की बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ मोठा सोडला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं.

६

जाण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी त्यांना पुन्हा गाठलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "मला कळलं हो तुम्ही का रडता ते. घरातलं दुखणं असं असलं की माणूस सांगणार तरी कुणाला!"

"कसलं दुखणं?"

"सुनेचं. तुमच्या मुलाने सांगितलं मला. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. वरवर हसते म्हणे, पण मन थाऱ्यावर नाही, जिवाचं काही बरंवाईट करून घेईल अशी त्याला सारखी धास्ती. म्हणून तर हवापालटाला नेतोय ना तिला, पाण्याकाठी."

वरच्या मजल्यावर सून बॅग भरता भरता गाणं म्हणत होती. जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. सूर चुकत होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

"हो ना," काकू वर बघत म्हणाल्या, "ऐका. कुणाला खरं वाटेल?"

लागेल ना कधीतरी, असं तो म्हणाला होता. कशासाठी लागणार होतं, तो दिवस कसा असणार होता, दाराशी कोण कोण बसणार होतं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे येऊन गेलं. आणि त्या माणसांमध्ये सून नव्हती.

काकूंना तिथल्या तिथे सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं. तोंड उघडलंही. पण मग काय काय सांगावं लागेल! ती खोली, तो बाक, तो आरसा. परवाचे ते खांदे. काकू सगळ्या इमारतीला सांगतील. सून गेली तर चालेल पण लोकांना कळायला नको, असं काही त्यांनी मनाशी म्हटलं नाही. पण जिन्यात त्या गप्प उभ्या राहिल्या त्याचा दुसरा अर्थ काय होता?

"चला, चहाचं बघते," असं म्हणून बाई वर गेल्या. अर्ध्या जिन्यात त्यांना स्वतःची किळस आली.

७

मुलगा आतल्या खोलीत होता, दार लोटलेलं. सून बाहेर जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाई तिच्यासमोर खालीच बसल्या. गुडघे कुरकुरले.

"अगं, तू जाऊ नकोस," त्या कुजबुजल्या.

"का हो, आई?"

आणि बाईंना रडू कोसळलं. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं वर आलं. शब्द फुटेना. त्यांनी सुनेचा हात धरला, खांदे गदगदले, "असं कसं," एवढंच बाहेर पडलं.

सून थोडी मागे सरकली. तिच्या चेहऱ्यावर दया होती, आणि दयेमागे एक शंका.

"आई, शांत व्हा. तो म्हणालाच होता, तुम्ही असं काहीतरी कराल. वय झालं की एकटं राहायची भीती वाटते, त्यात काही वाईट नाही." ती जरा थांबली. "गंमत आहे नाही? तोही अगदी असाच रडतो. काल माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला, मी गेले तर तो काय करेल म्हणून. हुबेहूब असं."

बाई रडायच्या थांबल्या. त्यांच्या दुःखाचं तोंड त्याने घालून घालून जुनं करून टाकलं होतं, आता ते त्यांच्याच उपयोगाचं उरलं नव्हतं. त्यांनी पदराने चेहरा कोरडा केला. आरशापुढे मुलांना शिकवताना 'काही नाही' दाखवायचं असलं की त्या जो चेहरा करत, तो आपोआप झाला. सपाट.

त्या चेहऱ्याने त्यांनी सांगितलं. कोंडलेल्या मुलीपासून सुरुवात केली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, आपण का परत फिरलो ते सांगितलं. "माझी लाज वाचावी म्हणून मी त्याला चेहरे शिकवले. त्याला मदत हवी होती, मी त्याला सोंग दिलं." दुपारच्या सरावाचं सांगितलं. काकूंना त्याने काय सांगून ठेवलंय तेही सांगितलं.

"मी? जिवाचं?" सुनेने हातातला सदरा खाली ठेवला. "मी तर... आई, मी काकूंशी कधी असं..."

"आणि परवा त्याने मला विचारलं, काय चुकतंय. तुझ्यासाठी रडायचा सराव चालला होता, आणि मी त्याची चूक दुरुस्त करून दिली."

हे बोलताना बाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. कदाचित म्हणूनच ते पोचलं. सुनेचा रंग उतरला.

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला.

खांद्यांपासून उठलेलं, खरंखुरं, पोटातलं रडणं. बाईंचा आवाज. "असं कसं गं... असं कसं..." सून समोर बसलेल्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. सुनेने हात पुढे केला आणि आपण काय करतोय हे न कळता बाईंच्या गळ्याला बोटं लावून पाहिली.

दार उघडलं. तो उंबऱ्यात उभा राहिला, गाल ओले, ओठ वाकडा. आधी त्याने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा बायकोकडे. ती घाबरलेली आहे हे त्याला दिसलं. हे रडणं इथे चालणार नाही, हेही दिसलं. त्याने ते काढून ठेवलं. मग काळजीचा चेहरा आला. त्यानेही काही होईना, तेव्हा पश्चात्तापाचा आला, मुख्याध्यापिकांना रडवणारा. मग एक हसू. एकामागून एक, कपाटातले कपडे अंगाला लावून बघावेत तसे. शेवटी काहीच उरलं नाही आणि ते काहीच-नसलेलं तोंड घेऊन तो बाईंकडे वळला.

"आई," त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "आता कुठला?"

बाईंचं तोंड उघडलं. जीभ वर टाळूला लागलीसुद्धा. सुनेची थंडगार बोटं अजून त्यांच्या गळ्यावर होती आणि आत आवाज उठतोय हे तिला कळलं असणार, कारण तिने श्वास रोखला.

बाईंनी तो आवाज गिळला.

तो वाट बघत होता. बाईंनी सुनेचा हात धरला, जमिनीला रेटा देऊन उठल्या आणि त्याच्यावरची नजर न काढता बाहेरच्या दाराकडे सरकू लागल्या. तो अडवायला पुढे आला नाही. अजून तरी आला नाही. आजवर आई नेहमी सांगत आली होती. आज ती सांगणार नाही, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागणार होता. बाईंचा हात मागे कडी चाचपत होता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बघितलं की त्या रिकाम्या चेहऱ्यावर, कुणीही न शिकवलेलं, काहीतरी आपोआप उमटायला लागलंय.